शेवटचे वर्तुळ

सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी कुर्डुवाडी आणि केम मागे टाकून जेऊरला येते. करमाळा तालुक्यातले हे छोटे स्टेशन. उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे आज या भागात ऊस आणि केळी दिसतात. १८९८ साली उजनी नव्हते, होता तो उघडा माळ आणि वर निरभ्र आकाश. मुंबई इलाख्यात प्लेग होता, पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला सातच महिने झाले होते. अशा दिवसांत जेऊरच्या माळावर खगोलशास्त्रज्ञांचे तंबू पडले. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचा विल्यम वॉलेस कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची उपकरणे घेऊन आले होते. २२ जानेवारीच्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाकडून आत शिरली. तिथे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तिची वाट पाहत होता. घाट चढून सावली जेऊरवर आली आणि जेमतेम दोन मिनिटे खग्रास अंधार झाला.

त्या दोन मिनिटांत कॅम्पबेलने सूर्याच्या किरीटाचे, म्हणजे कोरोनाचे, फोटो घेतले आणि किरीटाच्या वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेची तरंगलांबी मोजली. पृथ्वीवरचे कोणतेही ज्ञात मूलद्रव्य ती रेषा देत नव्हते, म्हणून तिच्या मालकाला ‘कोरोनियम’ असे तात्पुरते नाव पडले होते. १९४०च्या सुमारास स्वीडनच्या बेंग्ट एडलेनने दाखवून दिले की हे साधे लोखंडच आहे, फक्त त्याचे तेरा इलेक्ट्रॉन हरवलेले आहेत आणि त्यासाठी दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. हे लोखंड आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे, पण ते कृष्णविवराच्या काठावरचे.

त्या काळच्या ग्रहणवेध्यांच्या डोक्यात आणखी एक कोडे असायचे. बुध सूर्याभोवती ज्या लंबवर्तुळात फिरतो ते लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू वळत जाते. इतर ग्रहांच्या ओढीने किती वळण पडावे याचा हिशेब मांडला, तर शतकाला ४३ विकला उरतात. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. इतकी बारीक बाब, पण न्यूटनच्या हिशेबात ती बसेना. फ्रान्सच्या ल व्हेरियेने १८५९मध्ये बुधाच्याही आत एखादा ग्रह असावा असे सुचवले आणि त्याचे नाव ‘व्हल्कन’ पडले. ग्रहणात सूर्य झाकला गेला की हा ग्रह दिसेल या आशेने लिक वेधशाळेने अनेक ग्रहणांच्या प्लेटा तपासल्या. ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. नोव्हेंबर १९१५मध्ये आइन्स्टाइनने नव्या गुरुत्वाच्या समीकरणांतून ते ४३ विकला जसेच्या तसे काढून दाखवले.

त्याच समीकरणांनी सांगितले की सूर्याला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळायला हवा. प्रकाश वळतो का हे ग्रहणात तपासायच्या मागे कॅम्पबेल त्याआधीपासूनच होता. १९१४ साली युक्रेनमध्ये ढगांनी दगा दिला, १९१८ साली अमेरिकेतल्या प्लेटांतून ठाम काही निघेना. मधल्या काळात, १९१९ साली इंग्लंडचा एडिंग्टन आणि त्याचे सहकारी याच मोजणीने जगभर गाजले. पण त्यांच्या चांगल्या प्लेटांवर मोजण्यालायक तारे होते ते ब्राझीलमधल्या सोब्रालला सात आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर पाच. कॅम्पबेल आणि रॉबर्ट ट्रम्पलर यांनी २१ सप्टेंबर १९२२ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वॉलालच्या किनाऱ्यावर कित्येक डझन तारे टिपले आणि उत्तर काढले १.७२ विकला. एडिंग्टनचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते आणि जेऊरला येऊन गेलेल्या या माणसाचे नाव कुणी घेत नाही, हा मला थोडा अन्यायच वाटतो.

आता प्रश्न असा की १.७२ विकलांचे हे नगण्य वळण पूर्ण फेरीपर्यंत कसे पोहोचते? प्रकाश एखाद्या गोष्टीभोवती गोल गोल फिरू शकतो, हे कशाच्या जोरावर म्हणायचे?

वळण दोन गोष्टींवर ठरते: वस्तुमान किती आणि किरण त्याच्या किती जवळून गेला. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर आहे, त्यामुळे किरणाला त्याहून जवळ जाताच येत नाही. समजा, सूर्याचे सगळे वस्तुमान दाबून कृष्णविवर केले, तर त्याची त्रिज्या अवघी तीन किलोमीटर भरेल. इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. तसे झाले तरी पृथ्वी जिथे आहे तिथेच फिरत राहील. कृष्णविवर हा घरातला व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. लांबून त्याचे गुरुत्व इतर कोणत्याही तेवढ्याच वजनाच्या गोळ्यासारखेच असते. फरक एवढाच की आता जवळ जायला वाट मोकळी झाली. केंद्रापासून हजार किलोमीटरवरून नेम धरलेला किरण एका अंशाच्या तृतीयांशाइतका वळतो, म्हणजे १.७५ विकलांच्या जवळजवळ सातशे पट. आणखी आत नेम धरला की वळण नुसते वाढत नाही, भडकते. ७.७ किलोमीटरचा नेम धरला तर किरण अनंत वेळा फिरत राहतो, आणि त्याहून आतला नेम धरलेला किरण परत येत नाही.

तो फिरतो ते वर्तुळ मात्र ७.७ किलोमीटरचे नसते, कारण वाटेत तो आत ओढला गेलेला असतो. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती प्रकाशाची गोल कक्षा एकच असते आणि ती कृष्णविवराच्या त्रिज्येच्या बरोबर दीडपटीवर असते. लाल प्रकाश असो, निळा असो की क्ष-किरण, वर्तुळ तेच. कार्ल श्वार्झशिल्डने रशियन आघाडीवर तोफखान्यात काम करताना १९१५च्या अखेरीस आइन्स्टाइनच्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढले. त्यातून प्रकाशाचे हे वर्तुळ डेव्हिड हिल्बर्टने वर्ष-दोन वर्षांतच शोधले. कृष्णविवर ही कल्पना त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

ही अंतरे डोळ्यांपुढे यावीत म्हणून नकाशा काढू. दहा सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर सोलापुरात सिद्धेश्वराच्या देवळापाशी ठेवले, तर त्याचे क्षितिज, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही ती सीमा, साडेएकोणतीस किलोमीटरवर, मोहोळच्या थोडे अलीकडे पडेल. प्रकाशाचे वर्तुळ साधारण तुळजापुरावरून जाईल. आणि ज्या वर्तुळाबद्दल मला मुख्यतः बोलायचे आहे, ते शेवटचे स्थिर वर्तुळ, ८९ किलोमीटरवर, विजापूरच्या जरासे अलीकडे येईल. कृष्णविवराजवळ ‘त्रिज्या’ हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण तिथे केंद्रापर्यंत टेप लावता येत नाही. परिघाची लांबी मोजून तिला २π ने भागायचे, आलेल्या उत्तराला त्रिज्या म्हणायचे.

शेवटचे वर्तुळ हे प्रकरण काय आहे, हे समजायला सोलापूरकरांना गड्ड्याच्या जत्रेतला ‘मौत का कुआँ’ उपयोगी पडेल. फटफटीवाला लाकडी भिंतीवर आडवा होऊन गरगर फिरतो. वेग आहे तोवर तो खाली येत नाही. न्यूटनच्या जगात ग्रहांचेही असेच असते. तारा कितीही जवळ असू दे, पुरेशा वेगाने आडवे पळालात तर त्याच्यात पडणार नाही. कोणत्याही अंतराला एक योग्य वेग असतोच आणि त्या वेगाने फिरणारा जरासा हलला, डगमगला, तरी परत कक्षेत स्थिरावतो. आता समजा, फटफटीवाल्याने वेग वाढवला की त्या वेगामुळेच फटफटी जड होऊ लागली. आधी फरक जाणवणार नाही. पण एक मर्यादा अशी येईल की वेग वाढवून मिळणारा आधार कमी आणि वेगामुळे वाढणारे ओझे जास्त. त्यानंतर तो जितका जोरात पळेल तितका लवकर खाली येईल.

कृष्णविवराजवळ जवळपास हेच घडते. न्यूटनचे गुरुत्व फक्त वस्तुमान ओळखते. आइन्स्टाइनचे गुरुत्व सगळ्या ऊर्जेला ओळखते, आणि गरगर फिरण्याची ऊर्जा हीसुद्धा ऊर्जाच. म्हणून फिरणाऱ्या वस्तूच्या हिशेबात तीन रकमा येतात. पहिली, नेहमीची ओढ. दुसरी, फिरण्यामुळे मिळणारा बाहेरचा रेटा. तिसरी, त्या फिरण्यालाच बसणारी जादा ओढ, जी न्यूटनकडे नाही. फिरण्याचा कोनीय संवेग तोच ठेवून अंतर निम्मे केले, तर ऊर्जेच्या हिशेबात पहिली रक्कम दुप्पट होते, दुसरी चौपट आणि तिसरी आठपट. लांबवर तिसरी रक्कम इतकी लहान असते की बुधाच्या बाबतीत ती शतकाला ४३ विकलांपुरतीच उरते. व्हल्कन शोधणारे लोक आकाशात ग्रह शोधत होते, पण खरी चूक वहीतल्या हिशेबात होती, एक रक्कम लिहायची राहून गेली होती. जवळ गेले की हीच तिसरी रक्कम दुसरीवर मात करते. बाहेर ढकलणारी भिंत, जी न्यूटनच्या जगात केंद्रापर्यंत चढतच जाते, ती इथे एका उंचीवर येऊन पलीकडे कोसळते.

परिणाम असा. क्षितिजाच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराबाहेर गोल कक्षा स्थिर असतात. तिप्पट आणि दीडपट यांच्या दरम्यान गोल कक्षा कागदावर आहेत, पण तलवारीच्या धारेवर उभे राहण्यासारख्या. जरासा धक्का लागला की वस्तू आत तरी जाते, नाहीतर बाहेर तरी. दीडपटीच्या आत कोणत्याही वस्तूला, कितीही वेगाने, इंजिनाशिवाय फिरताच येत नाही. आणि इंजिन लावले तर? दीडपटीच्या वर्तुळावर टिकून राहायला इंजिनाने किती जोर लावावा हे वेगावर अवलंबूनच नसते. त्याच्या आत गेलात की जितके वेगाने फिराल तितका जास्त जोर बाहेरच्या दिशेने लावावा लागतो. बाहेर फेकणारी ओळखीची केंद्रोत्सारी जाणीव तिथे उलटी होते. पोलंडचा मारेक अब्रामोविच आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले ए. आर. प्रसन्ना यांनी १९९०मध्ये या उलटापालटीवर लिहिलेला निबंध आजही वाचण्यासारखा आहे.

प्रकाशाला वस्तुमान नाही, म्हणून त्याच्या हिशेबात पहिली रक्कमच नसते, फक्त दुसरी आणि तिसरी. त्यामुळे त्याचे वर्तुळ एकच आणि तेही अस्थिर. प्रकाशकण त्या वर्तुळापासून केसभर सरकला, तर दर अर्ध्या फेरीला ते अंतर सुमारे तेवीस पटींनी वाढते. कृष्णविवराभोवती प्रकाशाचा साठा गोल फिरत बसलेला असतो, असे कुठे वाचले तर ते सोडून द्यावे. तिथे प्रकाश येतो, एखाद-दोन फेऱ्या मारतो आणि निसटतो.

तिप्पट अंतरावर, म्हणजे शेवटच्या स्थिर वर्तुळावर असलेली वस्तू, जवळून मोजणाऱ्याला, प्रकाशाच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरताना दिसते. आपल्या सोलापूरच्या कृष्णविवराभोवती ती विजापूरच्या हद्दीतून सेकंदाला २२० फेऱ्या मारील. इथपर्यंत येताना तिने आपल्या वस्तुमानाच्या ५.७ टक्के ऊर्जा बाहेर टाकलेली असते. सूर्य हायड्रोजन जाळून हेलियम करतो तेव्हा ०.७ टक्का ऊर्जा निघते. कृष्णविवरात पडणारा वायू विश्वातल्या सर्वात तेजस्वी गोष्टींत का मोडतो, ते या दोन आकड्यांत आहे. वायू सरळ आत पडत नाही, त्याच्यात आडवा वेग असतोच, म्हणून त्याची चकती बनते. चकतीतले थर एकमेकांना घासतात, तापतात, कोनीय संवेग बाहेरच्या थरांना देऊन स्वतः हळूहळू आत सरकतात. ताऱ्याएवढ्या कृष्णविवराच्या चकतीचा आतला भाग एक कोटी अंशांच्या घरात जातो आणि क्ष-किरण फेकतो. शेवटच्या वर्तुळाशी हा सावकाश प्रवास संपतो आणि वायू सुळकन आत जातो.

आतापर्यंतची गोष्ट न फिरणाऱ्या कृष्णविवराची. खरी कृष्णविवरे फिरतात, आणि फिरताना भोवतालचे अवकाश आपल्याबरोबर ओढतात. न्यूझीलंडच्या रॉय करने १९६३मध्ये त्याचे समीकरण दिले. कृष्णविवर शक्य तितक्या जोरात फिरत असेल, तर त्याच्याच दिशेने फिरणाऱ्या वस्तूचे शेवटचे वर्तुळ तिप्पटीवरून अर्ध्यापर्यंत आत येते, उलट्या दिशेने फिरणाऱ्याचे साडेचारपटीवर जाते. सोलापूरच्या नकाशात ८९ किलोमीटरच्या जागी एकीकडे १५ आणि दुसरीकडे १३३. दिशा बरोबर असेल तर मिळणारी ऊर्जाही ५.७ वरून ४२ टक्क्यांपर्यंत चढते.

हे गणित महाराष्ट्रात परके नव्हते. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या कथेचे नावच ‘कृष्णविवर’ होते, हे अनेकांना आठवेल. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारसनंतर पुणे विद्यापीठात आले, आणि त्यांचे विद्यार्थी नरेश दधीच यांनी पी. पी. काळे यांच्याबरोबर १९७७मध्ये, पुण्यातली खगोलशास्त्र संस्था आयुका स्थापन व्हायच्या अकरा वर्षे आधी, एक निबंध प्रसिद्ध केला. कृष्णविवराला वस्तुमान आहे, ते फिरतेही आहे आणि त्यावर विद्युतभारही आहे, अशा सर्वात सर्वसाधारण प्रकारात विषुववृत्ताच्या पातळीतल्या गोल कक्षा कुठे असतात आणि कुठे संपतात, याचा तो हिशेब. खऱ्या कृष्णविवरांवर फारसा विद्युतभार टिकत नाही, तेव्हा हा केवळ गणिती छंद म्हणता येईल. पण हिशेब संपूर्ण मांडल्याशिवाय त्यातली कोणती रक्कम सोडायची हे कळत नाही, आणि रक्कम सोडल्याने काय होते ते व्हल्कनने दाखवले होतेच.

पुण्याचेच दुसरे काम याहून धाडसी. रॉजर पेनरोजने १९६९मध्ये सुचवले होते की फिरत्या कृष्णविवराच्या क्षितिजाबाहेर एक पट्टा असतो, जिथे काही कक्षांची ऊर्जा ऋण असू शकते. तिथे एखाद्या वस्तूचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा ऋण ऊर्जेच्या कक्षेत आत गेला, तर दुसरा मूळ वस्तूपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर येईल. भरपाई कृष्णविवराच्या फिरण्यातून होते. कल्पना सुंदर, पण १९७०च्या दशकात इतरांनी हिशेब करून दाखवले की तुकडे होताना ते प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने दूर व्हायला हवेत. निसर्गात तसे कोण फोडून देणार? विषय बाजूला पडला. संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी १९८५मध्ये दाखवले की भोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर ती अडचण राहत नाही, कारण विद्युतभारित तुकड्याला ऋण ऊर्जेच्या कक्षेत ढकलण्याचे काम ते क्षेत्रच करते. त्या निबंधाच्या शीर्षकात पेनरोज प्रक्रियेचे ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द आहे, आणि तो अतिशयोक्तीचा नाही.

कागदावर हे सगळे ठीक, पण शेवटचे वर्तुळ मोजायचे कसे? इथे लोखंड परत येते. चकतीवर वरून क्ष-किरणांचा मारा झाला की तिच्यातले लोखंड ६.४ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची ठरावीक रेषा देते. प्रयोगशाळेत ही रेषा बारीक आणि सरळ असते. फिरत्या चकतीवर मात्र आपल्याकडे येणाऱ्या बाजूचा प्रकाश जास्त ऊर्जेकडे सरकतो आणि उजळतो, दूर जाणाऱ्या बाजूचा कमी ऊर्जेकडे सरकतो आणि मंदावतो. त्यावर गुरुत्वातून वर चढताना सगळाच प्रकाश ऊर्जा गमावतो. रेषा पसरते आणि तिला कमी ऊर्जेकडे लांब शेपूट फुटते. शेपूट जितकी लांब तितका चकतीचा काठ आत, आणि काठ जितका आत तितके कृष्णविवर जोरात फिरणारे. जपानच्या आस्का उपग्रहाने १९९५मध्ये एका दीर्घिकेच्या केंद्रात अशी पसरलेली रेषा पहिल्यांदा स्पष्टपणे टिपली. जेऊरला कॅम्पबेलने मोजलेली रेषा आणि ही रेषा एकाच मूलद्रव्याच्या. दोन्ही वेळा लोखंडच बोलले, कारण जड मूलद्रव्यांत ते विश्वात मुबलक आहे.

भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्यातले क्ष-किरण मोजणारे दोन मोठे संच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले, तिसऱ्यात पुण्याच्या आयुकेचाही वाटा होता. २०१८मध्ये ॲस्ट्रोसॅट आणि अमेरिकेच्या चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून ४यू १६३०-४७ या कृष्णविवराचे फिरणे जास्तीत जास्त शक्य फिरण्याच्या सुमारे ०.९२ पट निघाले. जीआरएस १९१५+१०५ या दुसऱ्या कृष्णविवराच्या क्ष-किरणांत ॲस्ट्रोसॅटला सेकंदाला ६७ ते ७२ वेळा होणारी थरथर दिसली. साधारण बारा सूर्यांच्या या कृष्णविवराजवळ एवढ्या वेळात नेमके काय फिरते, डोलते किंवा आत-बाहेर होते, यावर अजून एकमत नाही. माझ्या मते ते लवकर होणारही नाही, कारण एकाच कक्षेला तीन निरनिराळ्या लयी असतात: गोल फिरण्याची, आत-बाहेर होण्याची आणि वर-खाली होण्याची. न्यूटनकडे या तिन्ही एकच. कृष्णविवराजवळ त्या वेगळ्या होतात आणि संशोधकांचा प्रत्येक गट आपली आवडती लय घेऊन बसतो.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले ४३ लाख सूर्यांचे कृष्णविवर या बाबतीत अधिक सरळ आहे, कारण तिथे स्वच्छ दिसणारे तारे फिरतात. एस-२ हा तारा सोळा वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८मध्ये तो सर्वात जवळ आला तेव्हा सेकंदाला सुमारे ७७०० किलोमीटर वेगाने जात होता. त्याची कक्षा दर फेरीला सुमारे १२ कला, म्हणजे ७२० विकला वळते, हे २०२०मध्ये मोजून झाले. बुधाला शतक लागूनही जे ४३ विकलांपुढे जात नाही, ते इथे सोळा वर्षांत. याच कृष्णविवराचे शेवटचे वर्तुळ, ते फिरत नसेल तर, पावणेचार कोटी किलोमीटरवर येते, म्हणजे बुधाच्या कक्षेच्याही आत. तिथे फेरी सुमारे अर्ध्या तासाची.

हा अर्धा तास एका व्यावहारिक अडचणीचे कारण ठरला. जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून एप्रिल २०१७मध्ये दोन कृष्णविवरांची निरीक्षणे घेतली गेली. एम ८७ दीर्घिकेतल्या ६५० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराचे चित्र एप्रिल २०१९मध्ये प्रसिद्ध झाले, आपल्या घरच्या कृष्णविवराचे मात्र मे २०२२मध्ये. एम ८७मध्ये शेवटच्या वर्तुळावर एक फेरी महिन्याहून अधिक काळ घेते, म्हणून रात्रभरात चित्र हलत नाही. आपल्याकडे एका रात्रीत वायूच्या कित्येक फेऱ्या होतात, आणि हलणाऱ्या गोष्टीचा लांब वेळाचा फोटो काढण्यात जी पंचाईत होते तीच इथे झाली. आणखी एक. वर्तमानपत्रांनी चित्रातल्या काळ्या भागाला सरसकट ‘कृष्णविवर’ म्हटले. तो काळा भाग क्षितिजाच्या सुमारे २.६ पट मोठा असतो. सूर्याच्या कृष्णविवराच्या बाबतीत वर आलेला ७.७ किलोमीटरचा नेम, तोच हा. ज्या किरणांचा नेम त्याच्या आत होता ते परत आले नाहीत, आणि त्यांची रिकामी जागा काळी दिसली.

शेवटच्या वर्तुळाच्या आत काय होते, हे फार काळ केवळ गृहीत धरले जायचे. वायू तिथून इतक्या झटपट पडतो की त्याचा प्रकाश जमेस धरायला नको, अशी प्रथा होती. २०२४मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू ममरी आणि सहकाऱ्यांनी मॅक्सी जे१८२०+०७० या कृष्णविवराच्या क्ष-किरणांत त्या पडणाऱ्या वायूचा प्रकाशही वेगळा काढून दाखवला.

आणि प्रकाशाचे दीडपटीचे वर्तुळ? त्याची चाहूल प्रकाशाशिवायही लागते. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एक झाली की नवे कृष्णविवर काही क्षण थरथरते आणि गुरुत्वीय लहरी सोडते. बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वर अमेरिकेत असताना त्यांनी १९७०मध्ये ही थरथर गणिताने पहिल्यांदा दाखवली. गुरुत्वीय लहरीही प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणून त्यांनाही तेच वर्तुळ लागू पडते. थरथरीची लय त्या वर्तुळावरच्या फेरीच्या वेळेशी जुळते, आणि ती किती लवकर विझते हे त्या वर्तुळाच्या अस्थिरतेवर, त्या तेवीस पटींच्या निसटण्यावर ठरते. १४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, अमेरिकेतल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या दोन्ही यंत्रांनी सुमारे ३३-३३ सूर्यांच्या दोन कृष्णविवरांचे एक होणे इतके स्पष्ट टिपले की विझत्या थरथरीत एकाऐवजी दोन सूर वेगळे काढता आले. तसेच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांच्या या प्रकल्पाला एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ते चालू झाल्यावर लहर आकाशात नेमकी कुठून आली हे आजच्यापेक्षा खूपच नेमके सांगता येईल, आणि दुसरा सूर किती वेळा ऐकू येतो याचीही मोजदाद वाढेल.